रोटाचे गहू कुणाकुणाच्या नावाने?
वाचकांचे प्रश्न : सण, कुळाचार, धर्म

आषाढ सरत आला की खान्देशातून येणाऱ्या पत्रांत कानबाई या देवीचाच भरणा असतो. यंदाही तसंच झालं, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

प्रश्न : माझं माहेर कोल्हापूरकडचं, सासर जामनेर तालुक्यातलं. यंदा सासूबाईंनी रोटाचं सगळं माझ्यावर सोपवलंय. माणशी सव्वा मूठ गहू घ्यायचे म्हणतात, पण ‘माणशी’ म्हणजे फक्त पुरुष का? मला दोन मुलीच आहेत. शिवाय दीर सुरतेला असतात. त्यांचे गहू इथे धरायचे की तिथे?

उत्तर : श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या पहिल्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी तिचं विसर्जन होतं. रोट म्हणजे तिच्यासाठी नावं घेऊन मोजलेले गहू, आणि त्या पिठाचं जे जे रांधलं जाईल ते सगळं. एका कुळाचा हा शिधा असतो, म्हणून तो भाऊबंदांबाहेर वाटत नाहीत. शेजारणीला पुरणपोळी द्यायचीच असेल तर वेगळ्या पिठाची करून द्या.

बहुतेक घरांत पुरुषांची नावं घेऊन गहू मोजतात, काही घरांत घरातल्या प्रत्येकाच्या नावाने. हे कुठल्या पोथीत लिहिलेलं नाही. हा कुळाचार आहे, आणि कुळाचार ठरवण्याचा हक्क कुळाचा. मुलींच्या नावाने सव्वा मूठ वाढवली तर देवीचं काही बिघडत नाही, असं आमचं मत आहे. फक्त ते परस्पर करू नका. चुलतसासरे, जावा यांच्या कानावर आधी घाला, म्हणजे शनिवारी मापावरून वाद नको.

दिरांचं उत्तर त्याहून सोपं आहे. भावांचे रोट अजून एकत्र असतील तर सुरतेच्या माणसांचे गहूही इथेच मोजायचे, आणि ती माणसं रविवारी इथे यायला हवीत. खान्देशात ‘आमना रोट येगळा शे’ असं कुणी म्हटलं की घर वाटून निघालं, असंच ऐकणारा समजतो. रोट वेगळा करायचा तर तो भाऊबंदांना सांगून करतात. सुरतेच्या फ्लॅटमध्ये गुपचूप चौरंग मांडून नाही.

मोजताना एक चूक हमखास होते. सात माणसं असली की सात मुठी घालून शेवटी एक सव्वा वाढवतात. तसं नाही, प्रत्येकाचे सव्वा. सात माणसांचे पावणेनऊ होतात. मुठी सगळ्या एकाच माणसाच्या हाताच्या हव्यात, नाहीतर सरळ एक वाटी ठरवून घ्या. हरभऱ्याची डाळही बरीच घरं सव्वाच्याच मापाने घेतात.

गहू धुऊन घ्यायची तुमच्याकडे पद्धत असेल तर गुरुवारपर्यंत धुऊन पंख्याखाली पसरा. श्रावणातल्या दमट हवेत शुक्रवारी धुतलेले गहू शनिवारी वरून कोरडे वाटतात, पण आत ओल राहते. असं पीठ गोळे धरतं आणि दोन दिवसांत कुबट होतं. इथे तर पीठ टिकायला हवं, कारण रोटाचं पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं असतं. पंचमीनंतरचा रविवार षष्ठीपासून द्वादशीपर्यंत कधीही येतो. म्हणजे काही वर्षी पीठ संपवायला आठ-नऊ दिवस मिळतात, तर काही वर्षी तीनच. रविवार पौर्णिमेला टेकून आला असेल आणि घरात खाणारी तोंडं थोडी असतील, तर मुठीचं माप धरा, वाटीचं नको. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा. कित्येक गावांत त्या शनिवारी गिरणी धुऊन फक्त रोटच दळतात. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर सकाळी पहिला नंबर लावा.

मांडणीत चौरंग, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, मध्ये तांब्या, त्यावर नारळ. नारळ म्हणजेच कानबाई. त्याला डोळे, नथ, मंगळसूत्र आणि खाली साडी. ऐन आरतीत नारळ कलंडतो, तो बहुधा तांब्याचं तोंड मोठं असल्यामुळे. नारळ आत बसतो, मग झुकतो. गळ्याशी आवळलेला तांब्या घ्या, तो तांदळांनी निम्म्याच्या वर भरा आणि शनिवारीच नारळ ठेवून पाहा. नथ दोऱ्याने शेंडीशी बांधायची, टोचायची नाही. केळीचा खांब पाण्याने जड असतो, म्हणून तो चौरंगाच्या पायालाच दोन ठिकाणी बांधा.

घरात वाडवडलांपासूनचा नारळ असेल तर तोच दरवर्षी बसतो. तो तडकला किंवा किडला तर नवा नारळ त्याच्या शेजारी ठेवून दोघांची पूजा करतात आणि जुना विसर्जनाला नेतात. नैवेद्याला पुरणपोळी, खीर, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. कांदा-लसूण नाही. भाऊबंदकीत त्या दिवसांत सुतक किंवा सुवेर आलं तर चौरंग मांडत नाहीत. दहा दिवस उलटून पौर्णिमेच्या आत दुसरा रविवार मिळतो का, हे वडीलधाऱ्यांना विचारा.

रात्री जागरण, फुगड्या, गाणी. सोमवारी चौरंग डोक्यावर घेऊन बायका नदीवर जातात. हल्ली त्यांच्यापुढे भिंती हादरवणारा डीजे असतो आणि कानबाईची अहिराणी गाणी त्यात कुणाला ऐकू येत नाहीत. गाणी येणाऱ्या एक-दोन आजीबाई घरात असतील तर रविवारी रात्री मोबाइलवर ती रेकॉर्ड करून ठेवा.

प्रश्न : आम्ही रावेरचे. नणंद बऱ्हाणपूरला दिली आहे. अंतर जेमतेम तासाभराचं, पण तिचा श्रावण आमच्या आधी पंधरा दिवस लागतो. खरा श्रावण कुणाचा?

उत्तर : दोघींचा. आकाशातला चंद्र एकच आहे, महिना कुठे संपवायचा एवढाच फरक. महाराष्ट्र, गुजरात आणि दक्षिणेत महिना अमावास्येला संपतो, त्याला अमान्त म्हणतात. उत्तरेकडे तो पौर्णिमेला संपतो, तो पूर्णिमान्त. रावेर-बऱ्हाणपूरच्या मधून ही रेघ जाते.

शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे सारखंच असतं. कृष्ण पक्षाला उत्तरेकडे पुढच्या महिन्याचं नाव देतात. आपली श्रावण वद्य अष्टमी म्हणजे त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, पण जन्माष्टमी एकाच रात्री. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात, दिवस तोच. नागपंचमी आणि राखी तर नावानेही एकच.

खरा फरक पडतो तो महिनाभर चालणाऱ्या व्रतांत. नणंदेचे श्रावण सोमवार गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून राखीपर्यंत, तुमचे दिव्याच्या अवसेनंतर पोळ्यापर्यंत. माहेरपणाला आलेल्या नणंदेने सासरच्या पद्धतीने सोमवार संपवले असतील तर तिला पुन्हा धरायला लावू नका. वटसावित्रीचं मात्र वेगळं आहे. आपल्याकडे ती ज्येष्ठ पौर्णिमेला आणि उत्तरेत बहुतेक ठिकाणी त्याआधीच्या अमावास्येला, म्हणजे तिथे दिवसच बदलतो.

जाता जाता अधिक महिन्याचं. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, सौरवर्ष 365 दिवसांचं. दरसाल अकरा दिवसांची ही तूट साठत जाते आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जादा धरतात. 2023 साली श्रावणच अधिक आला होता, तेव्हा नागपंचमी आणि कानबाई दोन्ही निज श्रावणात झाल्या. अधिक महिन्यात सण होत नाहीत, जावयाचं धोंड्याचं वाण मात्र त्यातच.

प्रश्न : कॅलेंडरवरची चंद्रोदयाची वेळ पाहून आम्ही भुसावळला संकष्टी सोडतो. एकदा चंद्र त्याआधीच वर आलेला दिसला. कॅलेंडर चुकतं का? आणि एकादशी दोन दिवस का छापतात?

उत्तर : वेळ कुठल्या गावची छापली आहे ते पाहा, ती बहुधा मुंबईची असते. पूर्वेकडे सूर्य-चंद्र आधी उगवतात, रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं. मुंबई साधारण 72.9 अंशांवर, जळगाव 75.6 वर. म्हणजे जळगाव-भुसावळला चंद्र दहा-अकरा मिनिटं आधी येतो, धुळ्याला सात-आठ, नंदुरबारला पाचेक मिनिटं.

चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राचा वेग कमी-जास्त होत असल्याने तिथी 19 तासांची असते तशी 26 तासांचीही असते. ती सूर्योदयालाच सुरू होईल असं नाही. म्हणून प्रत्येक व्रताने आपली वेळ ठरवून घेतली आहे. संकष्टीला चतुर्थी चंद्रोदयाच्या वेळी हवी, रामनवमीला नवमी मध्यान्ही, महाशिवरात्रीला चतुर्दशी मध्यरात्री. एकादशीत अडचण दशमीची. सूर्योदयाच्या आधी चार घटका, म्हणजे 96 मिनिटं, अरुणोदय धरतात. दशमी तोपर्यंत रेंगाळली असेल तर वैष्णव तो दिवस सोडून दुसऱ्या दिवशी उपास करतात. कॅलेंडरवर पहिला दिवस ‘स्मार्त’ आणि दुसरा ‘भागवत’ म्हणून छापतात ते यामुळे. वारकरी घराण्याने भागवत धरावी.

प्रश्न : देवघरातली पितळी अन्नपूर्णा पडून हात मोडला. लग्नात आईने दिलेली आहे. तापीत सोडू का?

उत्तर : तापीत नको. खंडित मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, एवढाच नियम आहे. तिच्यावर अक्षता वाहा, ‘पुनरागमनाय च’ म्हणून ती देवघरातून उतरवा आणि मोडीत देऊन त्याच धातूची नवी करून घ्या. आईचीच अन्नपूर्णा राहील.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. वर्गात विचारलं, ‘हिंदूंचा धर्मग्रंथ कोणता?’ त्याने गीता सांगितलं, दुसऱ्याने वेद. बाईंनी दोन्ही बरोबर म्हटलं. मग नेमकं काय शिकवावं?

उत्तर : एकच ग्रंथ, एकच संस्थापक, एकच उपासना असं या धर्मात नाही, हेच पहिलं शिकवावं. वेद चार : ऋक्, यजुस्, साम, अथर्व. ती श्रुती, म्हणजे ऐकून जतन केलेली. ऋग्वेदात दहा मंडलं आणि 1028 सूक्तं आहेत. उपनिषदंही श्रुतीतच येतात. स्मृती, पुराणं, रामायण, महाभारत हे स्मृतीचं दालन. गीता महाभारताच्या भीष्मपर्वात आहे, 18 अध्याय, 700 श्लोक. म्हणजे मुलाचं उत्तर चुकलं नाही, अपुरं होतं.

मतांचंही तसंच. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांत जग निर्माण करणारा ईश्वर मानण्याची गरजच धरलेली नाही, तरी ती सहा आस्तिक दर्शनांत मोजली जातात, कारण इथे ‘आस्तिक’ म्हणजे वेद प्रमाण मानणारा. अद्वैत सांगतं जीव आणि ब्रह्म एक, द्वैत सांगतं कायम वेगळे. बहुतेकांना मान्य असलेलं सामाईक असं : कर्माचं फळ मिळतं, त्यासाठी जन्म-मरणाचा फेरा आहे, आणि त्यातून सुटका म्हणजे मोक्ष. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ. पैसा आणि सुख यांनाही त्यात मानाची जागा आहे, धर्माच्या चौकटीत राहून. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं घेऊन माणूस जन्मतो. पूजा केली, शिकलं-शिकवलं, पितरांसाठी घागर भरली, की ती थोडी थोडी फिटतात.

नववीतल्या मुलाला हे पाठ करून घेण्यापेक्षा एक रविवार मोकळा ठेवा आणि मुक्ताईनगरला न्या. तापी आणि पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं देऊळ आहे, जवळच मुक्ताईचं. मोठा योगी म्हणून गाजलेले चांगदेव ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले, पण वयाने लहान म्हणून आशीर्वाद द्यावा की ज्ञानाने मोठे म्हणून नमस्कार करावा, हे ठरेना. शेवटी कोराच कागद धाडला, अशी कथा आहे. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी 65 ओव्या लिहिल्या, तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे चांगदेवांनी गुरू केली ती मुक्ताई, एक लहान मुलगी. वय, जात, विद्वत्ता यांच्यावर अनुभव, हा वारकऱ्यांचा सगळा विचार त्या एका गोष्टीत बसतो.

प्रश्न : आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, घागर आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर भरतो. दरवर्षी संध्याकाळपर्यंत पाणी खाली उतरतं, गहू भिजतात, आणि सासूबाईंना ते अशुभ वाटतं. नीट कशी भरावी?

उत्तर : अशुभ काही नाही, माठ नवा आहे एवढंच. कोरी माती पाणी पिते, मग पाझरते. घागर दोन दिवस आधी आणा. बोटाच्या पेराने वाजवून घ्या : खणखणीत आवाज आला तर नीट भाजलेली, बद्द आला तर कच्ची किंवा तडकलेली. आदल्या रात्री बादलीत पूर्ण बुडवून ठेवा, सकाळी तासभर पालथी निथळू द्या. मग ती काठोकाठ भरली तरी पाणी फारसं उतरत नाही. पाझर मात्र राहणारच, त्यानेच तर पाणी गार होतं. म्हणून गहू थेट पाटावर पसरू नका. आधी परात, परातीत गहू, गव्हांवर घागर. गहू ओले झाले तर दुसऱ्या दिवशी वाळवून दळा किंवा पाखरांना घाला.

घागरीवर लहान मातीचं भांडं, तेही पाण्याने भरलेलं, त्यावर डांगर आणि सांजोऱ्या, कुठे कुठे आंबाही. खरबुजाला आपण डांगर म्हणतो. पुण्याच्या बाजारात ‘डांगर’ मागितलंत तर भोपळा हातात येईल. डांगर गोल असतं आणि घरंगळतं, म्हणून बुडाशी सपाट बसणारं निवडा. कापून सपाट करू नका. घागरीला कुंकवाची बोटं, गळ्याला दोरा, आणि मग गेलेल्यांची नावं. नावं घ्यायची तीन पिढ्यांची : वडील, आजोबा, पणजोबा, तशाच आई, आजी, पणजी. ती एका कागदावर लिहून देवघरात ठेवा. पणजीचं नाव आठवत नाही म्हणून ऐन वेळी गावी फोन लावावा लागतो, हा अनुभव घरोघरचा.

नैवेद्याचा घास चुलीतल्या निखाऱ्यावर देतात, ती आगारी. गॅसच्या शेगडीवर ती देऊ नये. तूप आणि पुरण बर्नरच्या भोकांत जातं, ज्योत पिवळी पडते. मातीच्या पणतीएवढ्या भांड्यात गोवरीचा तुकडा पेटवा, धूर संपून निखारा झाला की त्यावर तूप आणि घास. खिडकी उघडी ठेवा. धुरातच घास टाकला तर तो जळत नाही, करपून नुसता वास मारतो.

खापरावरचे मांडे पुण्यात जमले नाहीत तर तव्यावरची पुरणपोळी चालते. सांजोरी मात्र सोडू नका. ती तळताना फुटते त्याचं कारण सारणात असतं. सांजा गरम असताना भरला की वाफेने पारी सुटते. पूर्ण गार करून भरा आणि कडा पाण्याच्या बोटाने दाबा.

पूजेनंतर घागर कोपऱ्यात ठेवून देऊ नका. वैशाखात पाणी भरलेला माठ दान देण्यासाठीच हा दिवस आहे. वॉचमनच्या खोलीबाहेर ठेवली तरी तिचं काम झालं.

प्रश्न : आजोबा शिरपूर भागातून सुरतेला गेले. आता कुळदैवत कोणतं हे कुणालाच माहीत नाही. गोत्रावरून कळेल का?

उत्तर : नाही. एकाच गोत्रात शेकडो कुळं असतात आणि त्यांची दैवतं वेगवेगळी. शोध घरापासून सुरू करा. म्हाताऱ्या आत्यांना विचारा : मुलांचं जावळ कुठे काढत? लग्नाची पहिली पत्रिका कोणत्या देवाला? नवरा-नवरी दर्शनाला कुठे गेले? चैत्रात घरातून कुणी गडावर पायी जायचं का? ‘गड’ म्हटलं असेल तर ती वणीची सप्तशृंगी. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला खान्देशातून पायी दिंड्या निघतात. यावलजवळची सातपुड्यातली मनुदेवी, साक्रीकडची म्हसदीची धनदाई, धुळ्याची एकवीरा, जेजुरीचा खंडोबा हीही या भागातल्या घराण्यांत येतात. भाऊबंद कुठेतरी गावाकडे असतातच. ते ज्या देवाला जातात तोच तुमचा.

तरीही लागलं नाही, तर त्र्यंबकेश्वर किंवा नाशिकच्या तीर्थपुरोहितांकडे वंशावळीच्या वह्या असतात. जाताना आडनाव, मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं घेऊन जा. नुसत्या आडनावावरून वही सापडत नाही, ती गावानुसार लावलेली असते.

आणि देवघरातले टाक आधी पाहा. चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या त्या लहान मूर्ती म्हणजे कुळाची नोंदच. घोड्यावर दोघं, हातात खड्ग, तर खंडोबा-म्हाळसा. पुष्कळ हातांची देवी असेल तर हात मोजा, सप्तशृंगीला अठरा. टाक जुना असेल तर नक्षी घासून गुळगुळीत झालेली असते, म्हणून तो राखेने किंवा पावडरीने उजळू नका. कोमट पाण्यात धुवा, मऊ फडक्याने टिपा आणि खिडकीशी तिरप्या उजेडात धरा. समोरून न दिसणारे हात बाजूच्या सावलीत दिसतात.